स्प्रिंटर फोर-बाय-फोर कॅम्परची मोठी स्टेपनी: खाली, दारावर की हिचवर?

मर्सिडीज स्प्रिंटर फोर-बाय-फोरवर बांधलेल्या कॅम्पर व्हॅन अमेरिकेत आता आपल्या लोकांच्या दारातही दिसू लागल्या आहेत. गाडी घेतली की वर्षभरात पहिला बदल होतो तो टायरांचा. चार मोठे टायर एका दुपारी बसतात, पाचव्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र महिनोन्‌महिने लोंबकळत राहतो. बाजारात त्यावर तीन उत्तरं आहेत: कारखान्याने दिलेल्या गाडीखालच्या जागेतच मोठी स्टेपनी कोंबणं, मागच्या दारावर कॅरिअर लावणं, किंवा हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीच्या, नळीत बसणारा झुलता हात घेणं. तिन्हींबद्दल आमचं मत आधीच सांगतो. टायर ८०५ मिलिमीटर व्यासापर्यंतचा असेल तर आधी गाडीखालीच बसतो का ते पाहा, आणि बसत असेल तर कॅरिअरवर एक डॉलरही घालवू नका. त्यापेक्षा मोठा टायर असेल तर बिजागरीवर भार घेणारं दाराचं कॅरिअर घ्या. दाराच्या पत्र्याला भोकं पाडून बसणारं कॅरिअर पूर्ण मापाच्या स्टेपनीसाठी घेऊच नये.

आता मापं. फोर-बाय-फोरला कंपनीकडून २४५/७५ आर १६ टायर येतो (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, रिम १६ इंची). त्याचा व्यास ७७४ मिलिमीटर. लोक सहसा ज्या दोन पायऱ्या चढतात त्यातली पहिली म्हणजे २६५/७५ आर १६, व्यास ८०४. सतरा इंची रिमवरचा २६५/७० आर १७ जवळजवळ तेवढाच, ८०३. दुसरी पायरी २८५/७० आर १७, व्यास ८३१. ही गणितातून येणारी मापं आहेत. प्रत्यक्षात कंपनीनुसार आणि नक्षीनुसार पाच-दहा मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणून ज्या टायरचं मॉडेल घेणार त्याच्या तक्त्यातला व्यास पाहा.

जुनीच २४५ ची स्टेपनी खाली राहू द्यावी, अडीअडचणीला चालेल, असं बरेच जण म्हणतात. ती कितपत चालते ते आकड्यांत पाहू. ७७४ चा टायर किलोमीटरला ४११ फेरे घेतो, ८०४ चा ३९६. एकाच अॅक्सलवर एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला तो असेल, तर सरळ हायवेवरसुद्धा डिफरन्शियलला, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांना, वाटतं की गाडी ४५ मीटर त्रिज्येच्या वळणावर अखंड फिरते आहे. ८३१ च्या जोडीला ७७४ लावला तर ते वळण २४ मीटरांवर येतं. उघडं, म्हणजे लॉक नसलेलं, डिफरन्शियल हे काही काळ सहन करतं. खरी अडचण ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि ब्रेकने चाक आवरणाऱ्या ट्रॅक्शन प्रणालीची होते. स्प्रिंटरच्या फोर-बाय-फोरमध्ये डिफरन्शियलचे लॉक नाहीत. घसरणारं चाक ब्रेक लावून थांबवायचं आणि ताकद दुसरीकडे पाठवायची, यावरच सगळी भिस्त. लहान टायर सतत जास्त वेगाने फिरतो, म्हणजे प्रणालीच्या लेखी तो सतत थोडा घसरतोच आहे. २०२३ पासूनच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत तर पुढच्या चाकांकडे ताकद क्लचच्या चकत्यांतून जाते, आणि वेगातला हा फरक त्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन साठतो. तेव्हा लहान स्टेपनी लावायची वेळ आलीच, तर फोर-बाय-फोर बंद करता येत असेल तर बंद ठेवून, ताशी ८० किलोमीटरच्या आत, जवळच्या टायरच्या दुकानापर्यंतच. यूटाच्या वाळवंटात मोआबच्या पलीकडे ऐंशी मैल कच्च्या रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला ही सोय पुरत नाही, आणि मोठे टायर घेतले जातात ते तिथेच जायला.

म्हणून पाचवं चाक बाकीच्या चारांसारखंच हवं: तोच टायर, तोच रिम, तोच ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक जिथे बसतं त्या पातळीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये). रिमच्या बाबतीत लोक सर्रास चुकतात. कंपनीचा लोखंडी रिम १६ इंची, साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ६२. एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या जातीच्या, २६५/७५ आर १६ टायरला मान्य असलेली रिमची रुंदी ७ ते ८ इंच आहे. म्हणजे जुन्या लोखंडी रिमवर नवा मोठा टायर चढवून 'स्टेपनी झाली' म्हणणं हे टायर कंपनीच्या तक्त्याबाहेरचं काम आहे. दुकानदार चढवून देतोही, पण टायरची बाजू फुगीर होते आणि कडा रिमवर हवी तशी बसत नाही. शिवाय बाकीची चार चाकं ऑफसेट ४५ ची असतील, तर ६२ ची स्टेपनी १७ मिलिमीटर आत शिरते. पुढच्या चाकाला लावली की २६५ टायरचा खांदा स्ट्रटच्या अगदी जवळ जातो.

बोल्टही तपासा. स्प्रिंटरला ६ बोल्ट, १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक ८४.१, आणि बोल्टचा आटा १४ गुणिले १.५. आटा सगळ्यांचा एकच असला तरी बैठक, म्हणजे बोल्ट रिमला टेकतो तो भाग, एक नसते. कंपनीच्या अलॉयची बैठक गोलाकार, बाहेरच्या पुष्कळशा अलॉयची ६० अंशांची निमुळती. गोल बैठकीत निमुळता बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका कडेवर, आणि शंभरेक किलोमीटरमध्ये ढिला पडतो. स्टेपनीचा रिम वेगळा असेल तर त्याचे सहा बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव लिहून, जॅकच्या शेजारीच ठेवा. घट्ट करायचा आकडा कंपनीच्या अलॉयसाठी १८० न्यूटन-मीटर आणि लोखंडी रिमसाठी २४०. चाक बदलल्यावर ५० किलोमीटरने पाना पुन्हा फिरवायचा.

गाडीखालची मूळ जागा

ही जागा दोन कारणांनी चांगली आहे. वजन खाली राहतं, आणि अॅक्सलच्या जवळ राहतं. दाराला टांगलेल्या स्टेपनीशी तुलना केली की फरक कळतो. १४४ इंची गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३६६५ मिलिमीटर. स्टेपनी आणि कॅरिअर मिळून ६० किलो मागच्या अॅक्सलपासून दीड मीटर मागे टांगले, तर मागच्या अॅक्सलवर ८५ किलो वाढतात आणि पुढच्यावरून २५ किलो उचलले जातात. तीच ३८ किलोची स्टेपनी खाली, अॅक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे असेल, तर मागे ४६ किलो आणि पुढून फक्त ८. कॅम्परमध्ये पाण्याची टाकी, बॅटऱ्या, पलंगाखालचं सामान असं सगळं आधीच मागे असतं. तिथे हा फरक जाणवतो.

उतरवायची पद्धत अशी. मागची दारं उघडायची, उंबऱ्यातल्या दोन टोप्या पेचकसाने काढायच्या, आत दिसणारे दोन बोल्ट व्हील पान्याने उलटे फिरवायचे, वीसेक फेरे, अडेपर्यंत. मग जॅकचा दांडा स्टेपनी ज्यावर झोपते त्या पाळण्याच्या नळीत घालून पाळणा जरासा उचलायचा, एका बाजूचा आकडा (हूक) सोडायचा, मग दुसऱ्या बाजूचा, आणि पाळणा हळूहळू जमिनीवर टेकवायचा. ज्या गाड्यांनी हिवाळ्यात मिठाचे रस्ते पाहिले आहेत त्यांचे हे दोन बोल्ट जाम होतात. वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासून अँटी-सीझ (आटा जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा. पंक्चर झाल्यावर, अंधारात, गंजलेला बोल्ट तुटला तर स्टेपनी असूनही नसल्यासारखी.

मोठा टायर बसेल का, हे तोंडी ऐकून ठरवू नका, कारण प्रत्येक कॅम्परच्या पोटाखाली वेगळा संसार असतो. कुणी डिझेल हीटर तिथे बसवलेला असतो, कुणी सांडपाण्याची टाकी, कुणाच्या हिचचा आडवा बीम पुढे सरकलेला असतो. बरेच कॅम्परवाले तर स्टेपनीची जागाच टाकीला देऊन टाकतात. पुठ्ठ्याने मोजा. फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून टायरच्या तक्त्यातल्या व्यासाचं वर्तुळ कापा, जुनी स्टेपनी काढून ते रिकाम्या पाळण्यावर ठेवा, आणि पाळणा जवळजवळ वर नेऊन चारही बाजूंनी पाहा. पुढे पाळण्याचा आडवा दांडा आणि ब्रेकच्या नळ्या, मागे हिचचा बीम, दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पाट्यांचे कानकोपरे. सगळीकडे किमान २० मिलिमीटर मोकळे हवेत. एक्झॉस्टच्या पाइपापासून ७५ मिलिमीटर, आणि तेवढे नसतील तर मधे उष्णतारोधक पत्रा.

पुठ्ठा बसला म्हणजे अर्धंच काम झालं. आडव्या झोपवलेल्या टायरची जाडीही वाढलेली असते: २४५ चा २६५ झाला म्हणजे किमान २० मिलिमीटर, आणि रिम रुंद असेल तर थोडी अधिक. त्यामुळे पाळणा तेवढा खाली राहतो आणि आकडे खाचेपर्यंत पोचत नाहीत. इथे हवा कमी करायची युक्ती कामी येते. टायर २० पीएसआयपर्यंत उतरवला की त्याच्या बाजू दबतात आणि पाळणा शेवटचे काही मिलिमीटर वर येतो. व्यास मात्र हवा काढून कमी होत नाही, कारण नक्षीखालचे पोलादी पट्टे ताणत-आवळत नाहीत. लांबी-रुंदीत अडत असेल तर हवा काढणं व्यर्थ. हवा उतरवून ठेवायची असेल तर गाडीत बाराव्होल्टी कंप्रेसर असलाच पाहिजे, आणि तो बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडणारा हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे लहान कंप्रेसर एलटी टायरला ६० पीएसआयच्या वर नेताना फ्यूज उडवतात.

बोल्ट लांब घालून पाळणा खाली लोंबता ठेवण्याचा उपाय काही गॅरेजवाले सुचवतात. आम्ही तो नाकारतो. आकडा खाचेत पूर्ण बसलेला नसेल तर सगळा भार आट्यावर येतो, आणि खडबडीत रस्त्यावर तो भार क्षणाक्षणाला तिप्पट होतो. पाळणा आणि टायर घट्ट चिकटलेले हवेत. हाताने टायर हलवून पाहा, गाडी हलली पाहिजे, टायर नाही.

८३१ चा टायर मूळ पाळण्यात घालण्यासाठी पाळणा कापून, दांडा पुढे सरकवून पुन्हा वेल्डिंग करणारे आहेत. चांगला वेल्डर असेल तर काम होतं, पण जमिनीपासूनची उंची जाते आणि मागच्या उताराचा कोन कमी होतो. फोर-बाय-फोरच्या नावाखाली कंपनीने गाडी मागून ८० मिलिमीटर आणि पुढून ११० मिलिमीटर उचलून दिली आहे. ती कमाई पोटाखालच्या लोंबत्या टायरने परत करण्यात अर्थ नाही.

दारावरचं कॅरिअर

कॅलिफोर्नियातल्या ॲल्युमिनेस आणि आउल या कंपन्यांची नावं या बाजारात सतत ऐकू येतात. ब्रँडवर भांडण्यापेक्षा भार कुठे जातो ते आधी पाहा. दोन जाती आहेत. एकीत कॅरिअरची चौकट दाराच्या बिजागऱ्यांच्या बोल्टांना धरते, म्हणजे वजन बिजागरीवाटे थेट गाडीच्या खांबात उतरतं. दुसरीत दाराच्या पत्र्याला भोकं पाडून आतून पट्टी देऊन चौकट आवळतात. दुसरी जात शिडी, छोटी पेटी, जेरी कॅन यांना ठीक आहे. टायरला नाही.

कारण वजनात आहे. २६५/७५ आर १६ च्या एलटी टायरचं वजन साधारण २३ ते २५ किलो, रिमचं १२ ते १४. म्हणजे चाक ३५ ते ३९ किलो, २८५ चा असेल तर चाळिशी पार. वर कॅरिअरचे पंधरा-वीस किलो. एकूण ५८ धरा. हे वजन दाराच्या पत्र्यापासून साधारण १६ सेंटिमीटर बाहेर आहे असं समजा. खड्ड्यात गाडी आपटताना भार तिप्पट होतो असं धरलं, तर दाराला बाहेर उलथवणारा जोर २७३ न्यूटन-मीटर होतो. चाकाच्या बोल्टला कंपनी जेवढा पीळ सांगते त्याहूनही जास्त, आणि तो दिवसभर, कच्च्या रस्त्याच्या प्रत्येक लाटेवर. पातळ पत्र्याच्या भोकाभोवती आधी रंगाला केसासारखी चीर दिसते. ती दिसली की पत्रा फाटायला सुरुवात झालेली असते.

कुठल्या दारावर? ज्या दाराला बाहेरून हँडल आहे, जे आधी उघडतं, त्यावर नको. दुसऱ्यावर. म्हणजे रोज चहाचं सामान काढायला हलकंच दार उघडावं लागतं. त्या दारावर नंबर प्लेट असेल तर ती हलवावी लागेल, दिव्यासकट. प्लेट झाकलेली किंवा अंधारात ठेवलेली गाडी पोलिसांच्या नजरेत लगेच येते. दोनशे सत्तर अंश उघडणारी दारं असतील तर कॅरिअर लागल्यावर तेवढी उघडत नाहीत, चौकट किंवा टायर गाडीच्या बाजूला अडतो. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला विचारा: टायर लावून दार किती अंश उघडतं, आणि उघडलेलं दार धरून ठेवायला खिळ आहे का? गाडीचं नाक वर असा उतार असेल तेव्हा ६० किलोचं भर घातलेलं दार माणसाच्या अंगावर येतं. ज्या कॅरिअरला दार उघडं ठेवणारी खिळ किंवा गॅसचा दांडा नाही, त्याला आम्ही दोन गुण कमी देतो, मग त्याची वेल्डिंग कितीही सुबक असो.

ऑफसेटचं गणित दुकानात कुणी सांगत नाही. चाक १७ गुणिले ८, ऑफसेट ४५, टायर २६५ चा असेल, तर चाक जिथे बसतं त्या पातळीपासून टायरची आतली बाजू १८२ मिलिमीटर दाराकडे येते. वर २० मिलिमीटर मोकळे ठेवायचे, म्हणजे कॅरिअरची थाळी (चाक जिच्यावर आवळतात ती) दारापासून २०० मिलिमीटर बाहेर हवी. थाळी पुढे-मागे सरकणारी नसेल तर ही चौकशी आधी करा. टायर पत्र्याला घासत राहिला तर महिन्याभरात रंग जातो आणि टायरच्या भारानेच दार वाकतं. चाक उलटं, म्हणजे तोंड दाराकडे करून लावलं, तर थाळी २० ऐवजी ११ सेंटिमीटरवर चालते असं वाटतं आणि ते खरंही आहे, पण टायरचा गुरुत्वमध्य तिथेच राहतो आणि बाहेरचं टोकही, दारापासून एकूण साधारण २९५ मिलिमीटर. फायदा फक्त आखूड खांबाचा, आणि नटांच्या बैठका दाराकडे गेल्यामुळे नट सपाट पाठीवर बसतात. म्हणून सरळच लावा.

बसवताना दोन माणसं आणि अर्धा दिवस हाताशी असू द्या. आधी दाराच्या कडेची फट वर आणि खाली मोजून लिहून ठेवा; नंतर याच आकड्यांवर सगळं कळतं. दाराखाली जॅक आणि कापड गुंडाळलेली लाकडी ठोकळी द्या. बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारा. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट काढायचे, कॅरिअरचा कान घालून परत लावायचे, मगच दुसरीला हात. दोन्ही एकदम सोडल्या तर दार जागेवरून सरकतं आणि मग लॅचमध्ये बसवायला दिवस जातो. बोल्टचे आटे स्वच्छ करून निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव), आणि टॉर्क रेंचवर कॅरिअरच्या कागदात दिलेला आकडा. चौकटीचे स्वतःचे सांधे सहसा १० मिलिमीटरच्या, ८.८ प्रतीच्या बोल्टांचे असतात, त्यांना ४९ न्यूटन-मीटर; ८ मिलिमीटरच्या बोल्टांना २५. स्टेनलेसचे बोल्ट आले असतील तर आट्यावर अँटी-सीझ लावल्याशिवाय आवळू नका, स्टेनलेस स्टेनलेसमध्ये जाम होऊन तिथेच वेल्ड झाल्यासारखं बसतं. अँटी-सीझ लावल्यावर त्याच पिळात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून तिथे आकडा थोडा खाली घ्या.

पावडर कोटिंग हा ढिलेपणाचा मोठा स्रोत आहे. वॉशरखाली कोटिंगचा जाड थर असतो, तो दाबाने हळूहळू पसरतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. त्यामुळे पहिल्या १०० किलोमीटरला, मग १००० ला, आणि नंतर प्रत्येक ऑइल बदलाला सगळे बोल्ट पुन्हा. बोल्टच्या डोक्यापासून चौकटीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, की बोल्ट फिरला का ते नजरेने कळतं. ॲल्युमिनियमची चौकट आणि लोखंडी बिजागरी यांच्यामध्ये प्लास्टिकचा वॉशर किंवा पट्टी हवी. मिशिगन, न्यू जर्सीच्या मिठाच्या रस्त्यांवर नाहीतर दोन हिवाळ्यांत ॲल्युमिनियमला पांढरा बुरशीसारखा थर येतो आणि ते आतून पोखरतं. चौकट दाराला जिथे टेकते तिथे आधी पारदर्शक फिल्म, मग रबरी पॅड. उलट क्रमाने लावलेली फिल्म आठवड्यात गोळा होते.

टायर चढवून फट पुन्हा मोजा. खालच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरपर्यंत दार बसलं तर लॅचची कडी तेवढी खाली घेऊन चालतं. त्याहून जास्त असेल तर बिजागरीचे बुश किंवा कॅरिअरची मांडणी बघावी लागेल. दार रबराला सगळीकडे सारखं दाबतं का हे कागदाच्या पट्टीने पाहा: पट्टी दारात धरून दार बंद करायचं आणि ओढायची, जिथे सहज सुटते तिथून पाऊस आणि धूळ आत येणार. यूटाची बारीक लाल धूळ एकदा गादीत शिरली की निघत नाही.

या प्रकाराचा एक खरा दोष आहे, आणि तो जाहिरातीतल्या फोटोत दिसत नाही. चाकाचा मध्य जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. ३८ किलोचं चाक तिथून उतरवणं एकट्याला कसंबसं जमतं, परत चढवणं मात्र अनेकांना जमत नाही. थाळीवरचे बोल्ट बाहेर आलेले असतात, त्यांवर चाकाची भोकं अंधारात नेमकी बसवायची असतात. दीड मीटरची फळी बंपरला टेकवून चाक तिच्यावरून लोटत न्यायचं, किंवा कॅरिअरच्या वरच्या दांड्याला रॅचेट पट्टा बांधून चाक खेचून घ्यायचं. थाळी उंची बदलणारी असेल तर सर्वांत खालच्या भोकात बसवा, दिव्यांना आणि बंपरला न अडेल इतपत. टायर मागच्या काचेवर येतो तो भाग कमी झाला की आरशातूनही बरं दिसतं.

हिचमधला झुलता हात

याच्याबद्दल थोडक्यात. दोन इंची नळीत घालायचा, पिन घालायची, दाराला हात न लावता काम होतं. स्प्रिंटरच्या ५००० पाउंडी हिचवर उभा भार ५०० पाउंड म्हणजे २२७ किलो चालतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो आकडा रस्त्यावरच्या ट्रेलरसाठी आहे. नळीच्या आत मिलिमीटरभर ढिलाई असते, आणि झुलत्या हाताच्या टोकावर तीच काही सेंटिमीटर होते. नळीला आवळणारा पट्टा आणि झुलत्या हाताच्या टोकाला बसणारा दुसरा आधार, दोन्ही असतील तरच कच्च्या रस्त्यावर न्या. गाडीची लांबी अर्ध्या मीटरपर्यंत वाढते. १४४ इंची गाडी मुळात ५.९ मीटर आहे, आणि मागचा कोन इथेच सगळ्यात जास्त जातो. सायकली आणि स्टेपनी एकाच हातावर न्यायच्या असतील आणि रस्ता बहुतेक डांबरी असेल तर हा पर्याय समजण्यासारखा आहे. फक्त स्टेपनीसाठी नाही.

जॅक, हवा आणि फिरवाफिरवी

गाडीसोबत आलेला बाटली जॅक टायर मोठा झाल्यावर कमी पडतो का हे पाहा. ८०४ च्या टायरला अॅक्सल १५ मिलिमीटर वर आहे, आणि पंक्चर टायर काढून हवा भरलेला घालायला त्यावर आणखी अंतर लागतं. २५ सेंटिमीटर लांब-रुंद, चार सेंटिमीटर जाड कठीण लाकडाची फळी जॅकखाली असली की दोन कामं होतात: उंची मिळते आणि वाळूत जॅक रुतत नाही.

स्टेपनीतली हवा मागच्या अॅक्सलच्या आकड्यावर ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर हवा काढणं सोपं, भरणं अवघड. खाली टांगलेल्या स्टेपनीचा व्हॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुणी हवा बघत नाही. धातूच्या जाळीची लांब नळी व्हॉल्व्हला जोडून बंपरजवळ आणून ठेवली तर पंपावर उभ्याउभ्या हवा तपासता येते. दारावरच्या स्टेपनीला उन्हाचा त्रास असतो, तिला कव्हर घाला, आणि थाळीवरच्या नटांपैकी एक कुलपाचा. कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात नको, व्हील पान्यासोबत हवी.

पाचव्या चाकातही टायर प्रेशरचा सेन्सर बसवून घ्या, टायर उतरलेला असतानाच. आणि पाचही चाकं फिरवत राहा, आठ-दहा हजार किलोमीटरला एकदा: स्टेपनी उजव्या मागे, उजवं मागचं उजव्या पुढे, उजवं पुढचं डाव्या मागे, डावं मागचं डाव्या पुढे, डावं पुढचं स्टेपनी. नव्या ऑल-टेरेन टायरची नक्षी १२ मिलिमीटरच्या आसपास असते. चार टायर निम्मे झिजले आणि स्टेपनी कोरी राहिली, तर व्यासात १२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि सुरुवातीला जी अडचण टाळण्यासाठी एवढा खर्च केला ती मागच्या दाराने परत येते. टायरला दिशा असेल, बाजूवर बाण असेल, तर हा क्रम चालत नाही. पाच चाकांच्या गाडीला असे टायर घेऊच नयेत.

काम पूर्ण झाल्यावर घरासमोर, उजेडात, गाडीतलीच हत्यारं वापरून एक चाक पूर्ण बदला. पाना बोल्टपर्यंत पोचतो का, बाहेरच्या अलॉयच्या अरुंद भोकात पान्याचं जाड तोंड शिरतं का, स्टेपनीचा नट उघडायला वेगळं सॉकेट लागतं का, हे तिथेच कळतं. आमच्या पाहण्यात बाहेरच्या अलॉयला बहुतेकदा पातळ भिंतीचं वेगळं सॉकेट लागतं, आणि ते रिमच्या खोक्यात, गॅरेजच्या फळीवर राहिलेलं असतं.